फायरफॉक्स, यूब्लॉक, थंडरबर्ड : गाळ्यातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरसाठी

ठाण्यात वागळे इस्टेटला किंवा खाडीपलीकडे तुर्भे-महापेच्या पट्ट्यात छोट्या कारखान्याचं ऑफिस म्हणजे बहुतेक वेळा गाळ्याच्या माळ्यावरचं एक टेबल, एक प्रिंटर आणि एक कॉम्प्युटर. टॅली त्यावरच, जीएसटी रिटर्न त्यावरच, नेटबँकिंगही त्यावरच. दिवसभर येणाऱ्या चौकश्या, कोटेशनं आणि पीओ म्हणजे खरेदीच्या ऑर्डरीसुद्धा तिथेच उघडतात आणि जेवणाच्या सुट्टीत क्रिकेटचा स्कोअरही तिथेच बघितला जातो. वाशीच्या एपीएमसीतल्या दलालाच्या पेढीवर चित्र फारसं वेगळं नसतं. अशा एका मशीनसाठी फायरफॉक्स ब्राउझर, त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरची पुरवणी आणि मेलसाठी थंडरबर्ड ही जोडणी कशी आहे, ते इथे तपासलं आहे. तिन्ही फुकट. मशीनमागे साधारण दीड तास जातो. जुनी मेल उतरायला लागणारा वेळ त्यात धरलेला नाही.

निकाल आधीच सांगतो : घ्यावी. पण जशी उतरते तशीच वापरली तर निम्माही फायदा होत नाही. या जोडणीचा खरा गुण व्हायरस पकडण्यात नाही, तो विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटीव्हायरसचा प्रांत आहे. गुण आहे तो मेल आणि ब्राउझर यांची घरं वेगळी करण्यात. ते का महत्त्वाचं, ते पुढे येईल. मेनूची नावं इंग्रजी पडद्यावर दिसतात तशी दिली आहेत. फायरफॉक्स मराठीतही मिळतो, पण फोनवरून कोणाला सेटिंग समजावून सांगायचं असेल तर इंग्रजी मेनू सोयीचा पडतो.

आधी विंडोजचं बघा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन ११ वर जात नसेल तर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवावं लागतं, आणि घरगुती वापरकर्त्यांसाठी ती सोयही एका वर्षापुरतीच आहे. विंडोज ७ वर तर हा लेख पुढे वाचू नका; क्रोमने त्याला जानेवारी २०२३ मध्ये १०९ व्या आवृत्तीवर सोडलं. आणि दुकानदाराने ‘ॲक्टिव्हेट करून’ दिलेलं विंडोज असेल, तर डिफेंडर उघडून एक्सक्लूजन्सच्या यादीत काय काय आहे ते पाहा. परवाना चुकवणारा क्रॅक चालावा म्हणून अख्खी सी ड्राइव्ह तपासणीतून वगळलेली असू शकते. मग वर कितीही कुलपं लावा, मागचं दार सताड उघडंच.

फायरफॉक्स आणि यूब्लॉक

फायरफॉक्सच का, याचं उत्तर यूब्लॉकमध्ये आहे. क्रोमने एक्स्टेन्शनांची जुनी पद्धत बंद केल्यापासून पूर्ण यूब्लॉक ओरिजिन तिथे चालत नाही. त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते, ती वाईट नाही पण हात बांधलेली आहे. फायरफॉक्सवर मूळ माल चालतो. जाहिराती अडवणं म्हणजे निव्वळ डोळ्यांना आराम, असं समजू नका. ‘अमुक प्रिंटरचा ड्रायव्हर’ असं शोधलं की वर येणारे पैसे भरलेले निकाल, डाउनलोडच्या पानावरची तीन हिरवी बटणं ज्यातलं एकच खरं, हा सगळा मार्ग व्हायरसचाच. यूब्लॉक तो पडद्यावर येऊच देत नाही.

घेताना नाव पूर्ण बघा. ‘यूब्लॉक’ एवढंच नाव लावणारं दुसरंही एक आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. ‘ओरिजिन’ हवं आणि बनवणाऱ्याचं नाव रेमंड हिल. बसवल्यावर डॅशबोर्डमधल्या फिल्टर लिस्ट्समध्ये जा. घातक पत्त्यांची यादी आधीच चालू असते. ‘फिशिंग यूआरएल ब्लॉकलिस्ट’वर खूण करा आणि अप्लाय चेंजेस दाबा. बाकी याद्यांचा मोह नको. जास्त याद्या म्हणजे जास्त सुरक्षा असं गणित नाही, जास्त मोडतोड असं मात्र नक्की आहे. एखाद्या पेमेंटच्या पानावर चक्र फिरतच राहिलं तर यूब्लॉकच्या चिन्हावर टिचकी मारून मोठं पॉवरचं बटण दाबायचं. फक्त त्या साइटपुरतं ते बंद होतं.

याच यादीत ‘ब्लॉक आउटसायडर इंट्रूजन इंटू लॅन’ नावाची एक यादी आहे. तिच्यावर खूण केली तर जीएसटीची डिजिटल सही अडू शकते. प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असाल तर सहीसाठी एमसाइनर हा प्रोग्रॅम चालवावा लागतो, आणि तो तुमच्याच मशीनवर छोटा सर्व्हर होऊन बसतो. पोर्टलचं पान त्या सर्व्हरशी बोलायला जातं, आणि ही यादी नेमकं तसलंच बोलणं अडवते. फायरफॉक्सने त्या पत्त्याला म्हणजे १२७.०.०.१, पोर्ट १५८५ ला सुरक्षेचा इशारा दिला, तर तो पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडून ‘ॲडव्हान्स्ड’ आणि ‘ॲक्सेप्ट द रिस्क’ दाबावं लागतं. ते बटण दाबायला हरकत नसलेली ऑफिसातली ही एकमेव जागा, कारण पत्ता स्वतःच्याच मशीनचा आहे. इतर कुठल्याही साइटवर तो इशारा आला की टॅब बंद. क्रोमच्या नव्या आवृत्त्या याच कामासाठी लोकल नेटवर्कची परवानगी विचारतात. घाईत तिथे ‘ब्लॉक’ दाबलं की सही होत नाही आणि दोष सहीच्या बिचाऱ्या यूएसबी टोकनवर जातो.

आता सेटिंग्ज › प्रायव्हसी अँड सिक्युरिटी. पहिलं काम, परमिशन्समध्ये नोटिफिकेशन्सच्या पुढचं सेटिंग्ज बटण दाबून नव्या विनंत्या अडवण्याच्या चौकोनावर खूण. उजव्या खालच्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी उगवणारं ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’ हे बहुतांश वेळा व्हायरस नसतंच. कधीतरी कुठल्या साइटवर ‘अलाव’ दाबलं गेलं, त्याची ती परतफेड. त्याच खिडकीत परवानगी मिळालेल्या साइटींची यादी असते. ‘रिमूव्ह ऑल वेबसाइट्स’ आणि सेव्ह चेंजेस दाबा, व्हायरस ‘गेला’. याच दुखण्यासाठी फॉरमॅट मारून पैसे घेणारे आहेत, म्हणून इतकं सविस्तर.

एचटीटीपीएस-ओन्ली मोड सगळ्या खिडक्यांसाठी चालू करा, म्हणजे सुरक्षित जोडणी नसलेली साइट इशाऱ्याशिवाय उघडत नाही. राउटर किंवा ऑफिसच्या कॅमेऱ्याचं पान १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या स्थानिक पत्त्यावर असेल तर तो त्याला हात लावत नाही. जनरलमध्ये फाइल कुठे ठेवायची हे दर वेळी विचारण्याचा पर्याय निवडा, म्हणजे एखादी फाइल गुपचूप डाउनलोड्समध्ये येऊन पडत नाही.

आणि पासवर्ड. इथे फायरफॉक्सची एक उणी बाजू स्पष्ट सांगायला हवी. प्रायमरी पासवर्ड, म्हणजे साठवलेल्या सगळ्या पासवर्डांवरचं एक कुलूप, लावला नसेल तर साठवलेले पासवर्ड कोणालाही वाचता येतात, आणि तो आपणहून लागलेला नसतो. तो लावला तरी कुकी, म्हणजे तुम्ही लॉगिन केलेलं आहे हे साइटला सांगणाऱ्या खुणा, उघड्याच राहतात. डिस्कवर त्या साध्या फाइलमध्ये असतात. क्रोमने विंडोजवर जुलै २०२४ च्या १२७ व्या आवृत्तीपासून कुकींना वेगळं कुलूप लावलं. या एका बाबतीत क्रोम पुढे आहे. हल्लीचे चोर पासवर्डच्या मागे कमी आणि कुकीच्या मागे जास्त असतात. लॉगिन झालेल्या जीमेलची कुकी हाती लागली की पासवर्डही नको आणि ओटीपीही नको. गूगलच्या दृष्टीने तुम्ही आत आलेलेच आहात.

उपाय म्हणून फायरफॉक्स बंद होताना कुकी आणि साइट डेटा पुसण्याचा पर्याय चालू करायचा. रोज सकाळी पुन्हा लॉगिन करायला लागतं म्हणून लोक कुरकुरतात. पण ब्राउझरमध्ये सर्वांत जास्त वेळ उघडी असते ती मेल, आणि मेलच थंडरबर्डमध्ये नेली की कुरकुरीचं कारण उरत नाही. आधी घरं वेगळी करण्याचं म्हटलं ते हेच. संध्याकाळी रिकाम्या होणाऱ्या ब्राउझरमधून चोराला नेण्यासारखं फार थोडं मिळतं.

एक फसवणूक मात्र यातलं काहीच अडवत नाही. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ असं पान येतं आणि सूचना देतं : विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. पानाने क्लिपबोर्डवर आधीच एक आज्ञा ठेवलेली असते, आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. ब्राउझरला वाटतं, माणसानेच केलं. साधं, ॲडमिन नसलेलं खातं वापरलं तरी कुकी आणि पासवर्ड जातातच, कारण ते त्याच खात्यातले असतात. एकही खरा कॅप्चा कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबायला सांगत नाही, एवढं वाक्य कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा.

थंडरबर्ड

विंडोजचा जुना मेल ॲप ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला आणि बरेच जण नकळत नव्या आउटलुकवर ढकलले गेले. नवा आउटलुक दिसायला चकचकीत आहे, पण तुमच्या स्वतःच्या डोमेनची आयमॅप मेलसुद्धा तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नेऊन ठेवतो. थंडरबर्ड थेट तुमच्या मेल सर्व्हरशी बोलतो. हा फरक आम्हाला पुरेसा वाटतो.

जीमेल जोडताना गूगलची खिडकी उघडते, तिथेच पासवर्ड द्यायचा. थंडरबर्डकडे फक्त परवाना येतो. स्वतःच्या डोमेनची मेल असेल तर आयमॅप ९९३ आणि पाठवण्यासाठी ४६५, दोन्हींना एसएसएल/टीएलएस. होस्टिंगवाल्याने ११० आणि २५ चे आकडे दिले असतील तर ते परत करा. पॉप (मेल मशीनवर उतरवून घेणारी पद्धत) की आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारी), हा वाद इथे चवीचा नाही. त्याचं कारण पुढच्याच परिच्छेदात आहे.

थंडरबर्ड प्रत्येक फोल्डरची सगळी मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये ठेवतो. इनबॉक्समध्ये ९,००० पत्रं असली तरी डिस्कवर ‘इनबॉक्स’ नावाची एकच फाइल. आता त्यातल्या एका पत्राला व्हायरस जोडलेला आहे. अँटीव्हायरस डिस्क तपासतो, त्याला त्या फाइलमध्ये घाण सापडते आणि तो फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो. एका पत्रासाठी ९,००० गायब. आयमॅप असेल तर सर्व्हरवरून पुन्हा उतरतात. पॉप असेल आणि सर्व्हरवर प्रत ठेवलेली नसेल, तर क्वारंटाइनमधून फाइल परत आणेपर्यंत जीव टांगणीला. म्हणून तीन गोष्टी करा. आयमॅप घ्या. अँटीव्हायरसमध्ये थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर तपासणीतून वगळा. ते हेल्प › ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमधून उघडतं. आणि पॉपच ठेवायचं असेल तर सेटिंग्जमध्ये अँटीव्हायरसला येणारं एकेक पत्र वेगळं करू देण्याचा चौकोन आहे, तो चालू करा. फोल्डर वगळणं धोक्याचं वाटेल, पण जोडलेली फाइल उघडली किंवा सेव्ह केली की ती डिस्कवर वेगळी उतरते, आणि त्या क्षणी ती तपासली जातेच. क्रॅकसाठी अख्खी ड्राइव्ह वगळणं आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्याच जातीची दुसरी तक्रार : घाणेरडं पत्र डिलीट केलं, तरी अँटीव्हायरस रोज तेच नाव घेऊन ओरडतो. डिलीट केल्याने पत्र यादीतून जातं, फाइलमधून नाही. ट्रॅश रिकामा करा आणि मग फोल्डरवर राइट क्लिक करून कॉम्पॅक्ट. मोठ्या फोल्डरला वेळ लागतो, आणि मध्येच वीज गेली तर यादी विस्कटते. तसं झालंच तर प्रॉपर्टीजमध्ये रिपेअर फोल्डर आहे. यूपीएसशिवाय पावसाळ्यात कॉम्पॅक्ट करू नये, हे ठाणेकराला सांगायला नको.

पैसे देऊन घेतलेल्या काही अँटीव्हायरसमध्ये ‘मेल प्रोटेक्शन’ असतं. ते मेल सर्व्हर आणि थंडरबर्ड यांच्या मध्ये बसतं आणि स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करतं. थंडरबर्डला ते ओळखीचं नसेल तर ‘ॲड सिक्युरिटी एक्सेप्शन’ची खिडकी येते आणि ऑपरेटर सवयीने कन्फर्म दाबतो. ती सवय लागणं हेच नुकसान. उद्या खरा भामटा मध्ये बसला तरी हात त्याच बटणावर जाणार. मेल प्रोटेक्शन बंद करा. डिफेंडरवर भागत असेल तर दुसरा अँटीव्हायरस घेण्याऐवजी ते पैसे बाहेरच्या हार्ड डिस्कवर घालावेत, हे आमचं मत. बॅकअपसाठी थंडरबर्ड बंद करून प्रोफाइल फोल्डर तसंच्या तसं उचलायचं. टूल्समधला एक्सपोर्ट २ जीबीच्या पुढच्या प्रोफाइलला चालत नाही, आणि गाळ्यातलं मेल खातं २ जीबीत क्वचितच मावतं.

पत्र उघडताना बाहेरची चित्रं थंडरबर्ड आपणहून अडवतो, हे त्याचं चांगलं. पिवळ्या पट्टीवर ‘या पाठवणाऱ्यासाठी नेहमी’ असा पर्याय असतो, तो फक्त ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी. आणखी एक पायरी म्हणजे व्ह्यू › मेसेज बॉडी ॲज › सिंपल एचटीएमएल. तक्ते दिसतात, आगाऊ चाळे बंद होतात. अगदी साधा मजकूर म्हणजे प्लेन टेक्स्ट निवडला तर दुव्याचा खरा पत्ता उघडा पडतो, पण कोटेशनच्या तक्त्याची खिचडी होते आणि मराठी अक्षरं कधी कधी विचित्र अंतराने दिसतात. त्याचं कारण समान रुंदीचा टाइप. जनरल › फॉन्ट्स › ॲडव्हान्स्डमध्ये देवनागरी निवडून प्लेन टेक्स्टसाठी तो टाइप वापरण्याची खूण काढा.

जोडलेल्या फाइलींबाबत एक काम विंडोजमध्येच करायचं आहे. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू › शो › फाइल नेम एक्स्टेन्शन्स. हे बंद असतं म्हणूनच ‘पीओ_४५१२.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल ‘पीओ_४५१२.पीडीएफ’ अशी दिसते. युक्ती नवी नाही. मे २००० मधला ‘आय लव्ह यू’ याच दोन शेपट्यांच्या जोरावर जगभर पसरला. वर्ड-एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे फाइलीत दडलेल्या आज्ञा, मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींत अडवले, तेव्हापासून माल आयएसओ, वननोट, एचटीएमएल, एसव्हीजी अशा वेषांत येऊ लागला. खऱ्या गिऱ्हाइकाला ड्रॉइंग पाठवायला पासवर्ड लावलेल्या झिपची गरज क्वचितच पडते, आणि पासवर्ड त्याच पत्रात लिहिलेला असेल तर तो फक्त अँटीव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून.

पत्रांच्या यादीत नुसतं नाव दिसतं, पत्ता नाही. पत्र उघडून वरचा पूर्ण पत्ता वाचा. ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ हे पत्र मात्र खऱ्या पत्त्यावरूनही येतं, कारण समोरच्याची मेलच फोडलेली असते. तिथे थंडरबर्ड काही करू शकत नाही. वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करावा लागतो. बँकेच्या नावाने दुवा आला तर पत्त्याचा शेवट बघा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं होतं, सहकारी बँकाही त्यात आल्या.

थंडरबर्डलाही प्रायमरी पासवर्ड लावा. पण तो काय करत नाही, तेही कळू द्या : उतरलेली मेल तो कुलूपबंद करत नाही. खिडकी कॅन्सल करून जुनी पत्रं कोणीही वाचू शकतं. टेबलावरून उठताना विंडोज आणि एल दाबायला पर्याय नाही.

अपडेट आणि घात झाल्यावर

फायरफॉक्स आणि थंडरबर्ड एकाच इंजिनावर चालतात, म्हणून सुरक्षेतली भोकंही सामायिक असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रांच्या लायब्ररीत सापडलेलं भोक क्रोम, फायरफॉक्स आणि थंडरबर्ड तिघांनाही तातडीने बुजवावं लागलं. फायरफॉक्स रोज बंद-चालू होतो आणि अपडेट घेतो. थंडरबर्ड मात्र महिनाभर उघडाच पडून असतो. सोमवारी सकाळी हेल्प › अबाउट उघडायचं, रीस्टार्टचं बटण दिसलं तर दाबायचं. बसवताना मोझिला मेन्टेनन्स सर्व्हिस वगळू नका. साध्या खात्यावरून अपडेट तिच्यामुळेच होतं.

घात झालाच, तर पासवर्ड त्या मशीनवरून बदलू नका. फोनवरून बदला आणि गूगल खात्यातल्या ‘युअर डिव्हायसेस’मधून तो कॉम्प्युटर बाहेर काढा. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर्स तपासा. चोर जाताना तिथे एक फिल्टर ठेवून जातो आणि ‘पेमेंट’ शब्द असलेली पत्रं महिनोन्महिने त्याच्याकडे वाहत राहतात. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन आधी, बाकी नंतर. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. मशीन त्यासाठी स्वतःच रीस्टार्ट होतं. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही सफाईची फुकट साधनं मिळतात.

शेवटी फायरफॉक्समध्ये ट्रबलशूटिंगच्या पानावरून रिफ्रेश. एक्स्टेन्शनं जातात, बुकमार्क राहतात, आणि यूब्लॉक पुन्हा बसवावं लागतं. रिफ्रेशनंतर डेस्कटॉपवर ‘ओल्ड फायरफॉक्स डेटा’ नावाचं फोल्डर येऊन बसतं. त्यात जुने पासवर्ड असतात. दोन दिवस सगळं नीट चाललं की ते काढून टाका. आणि टॅलीतून बिलं थेट मेल करण्यासाठी जीमेलचा १६ अक्षरी ॲप पासवर्ड घेतलेला असेल, तर तो गूगल खात्यातून रद्द करून नवा घ्या.